नदीवरची बदली

गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभा असताना आमच्या मंडळाच्या तरुण चिटणिसांनी मला बाजूला घेतले. आवाज एकदम खाली आणून ते म्हणाले, "काका, एक खाजगी विचारायचं होतं." परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने 'खाजगी' म्हटले की ते बहुधा बदलीविषयी असते, असा माझा अनुभव आहे. दिल्लीत कोणाची ओळख आहे काय, मुलीची दहावी होईपर्यंत येथेच राहता येईल काय, असल्या प्रश्नांची ठरीव उत्तरे मी मनातल्या मनात जुळवू लागलो. पण चिटणिसांनी विचारले ते निराळेच.

"तुम्ही आणि काकू त्या युरोपातल्या नदीवरच्या सफरीला जाऊन आलात ना? आम्हां दोघांना ती मानवेल का हो? डिसेंबरात लग्नाला दहा वर्षं होतील. दोघंच असे कुठे गेलोच नाही अजून. एवढे पैसे घालायचे, म्हणून विचारतो."

प्रश्न सरळ होता, आणि 'हो' किंवा 'नाही' असे सरळ उत्तर देऊन मला मोकळे होता आले असते. परंतु माझा सारा जन्म लेखापरीक्षा खात्यात गेला. जमाखर्चाची दोन्ही पाने पाहिल्यावाचून शेरा मारायचा नाही, ही सवय आता हाडीमांसी खिळली आहे. "विचार करून सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. घरी परतताना टॅक्सीत मी सौभाग्यवतींना विचारले, "काय सांगावं गं त्यांना?"

खिडकीबाहेरची रोषणाई पाहत ती म्हणाली, "खरं ते सांगा."

खरे ते चार ओळींत मावणारे नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

मागल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या, मे महिन्यात आम्ही डॅन्यूब नदीवर आठ दिवस काढून आलो. तिला आणि मला, दोघांनाही असला प्रवास नवा होता. नवा म्हणजे नौकेचाच नव्हे. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अकरा बदल्या झाल्या. शिलाँग, पाटणा, राजकोट, चेन्नई, भुवनेश्वर अशी गावे पालथी घालून आम्ही शेवटी कोलकात्यास येऊन पोहोचलो. प्रवास आम्हांला नवा नव्हता. पण आजवरचा प्रत्येक प्रवास कोणत्या ना कोणत्या कागदाने ठरवलेला होता. बदलीचा हुकूम, लग्नाची पत्रिका, रुग्णालयाची तार जाऊन तिच्या जागी आलेला दूरध्वनी. दोघांनी मिळून, कारण नसताना, कोठे जावे असे ठरवण्याचा प्रसंग आमच्या संसारात आलाच नव्हता.

आणि अकरा वेळा संसार खोक्यांत भरला तो हिने. अकरा वेळा उघडला तोही हिनेच. पाचव्या-सहाव्या बदलीनंतर मात्र तिने सगळे सामान उघडणे सोडून दिले. पत्र्याची एक मोठी काळी ट्रंक घरात आली की जशीच्या तशी पलंगाखाली सरकवली जाई. "कशाला उघडायची? पुन्हा बांधायचीच आहे," एवढेच ती म्हणे. त्या ट्रंकेत काय आहे हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्यांच्या कोठीतील प्रत्येक वस्तूची नोंद तपासणाऱ्या मला आपल्या घरातील एका ट्रंकेची चौकशी करण्याचे कधी सुचले नाही.

नौकाप्रवासाची कल्पना आमच्या मुलाची. तो बंगळूरला असतो. आमच्या लग्नाला तीस वर्षे झाली त्या दिवशी त्याने एक माहितीपत्रक पाठवले आणि खाली लिहिले, 'बाबा, निवृत्त होण्याआधी आईला घेऊन जा.' मी ते माहितीपत्रक चार रात्री वाचले आणि पाचव्या रात्री त्यावर रीतसर टिपण केले. त्यातील आक्षेप येथे थोडक्यात देतो, कारण चिटणिसांच्याही ते उपयोगी पडतील.

पहिला आक्षेप अर्थात खर्चाचा. सरकारची रजा प्रवास सवलत देशाच्या सीमेपाशी संपते. पुढे सारे पदरमोड. माहितीपत्रकातला दर माणशी असतो, पण तो एका खोलीत दोघे राहणार हे गृहीत धरूनच. एकट्याने जाणाऱ्यास बहुधा वरकड भरावे लागते. दरात राहणे, जेवणखाण आणि बहुतेक गावांतील वाटाड्याबरोबरची पायपीट येते. विमानभाडे, व्हिसा, विमा आणि बक्षिशी येत नाही. शेंगेन व्हिसाचे शुल्क २०२४ च्या जूनपासून प्रौढास ९० युरो झाले आहे. शिवाय निदान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. त्यातून एक गमतीचा पेच. अर्ज करावयाचा तो ज्या देशात अधिक मुक्काम त्याच्याकडे. आता जहाज रात्रभर चालते आहे आणि नदी चार देशांतून वाहते आहे, तेव्हा मुक्काम कोठला धरावा? मी रात्रींचा तक्ता मांडला आणि ऑस्ट्रियाचे पारडे जड ठरवले. खात्याची परवानगी घेतली हे सांगायला नकोच. सरकारी नोकराने ती आधी घ्यावी, तिकीट मागून.

दुसरा आक्षेप नदीविषयी. नदी म्हणजे लोहमार्ग नव्हे. ती आटते आणि फुगतेही. २०१८ च्या ऑक्टोबरात ऱ्हाईनवर काऊब या गावची मापपट्टी २५ सेंटिमीटरपर्यंत उतरली होती. २०२२ च्या ऑगस्टात डॅन्यूब इतकी आटली की सर्बियात प्राहोवोजवळ १९४४ साली जर्मनांनी स्वतःच बुडवलेल्या युद्धनौकांचे सांगाडे वर आले. उलट २०१३ च्या जूनमध्ये पासाऊ येथे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियातील पुराने वाहतूक बंद पडून काही प्रवासी जहाजे व्हिएन्नाला अडकून राहिली. असे झाले म्हणजे प्रवाशांना बसगाडीने पुढे नेतात, किंवा अडथळ्यापलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजावर चढवतात. म्हणजे आणखी एक बदली!

तिसरा आक्षेप जहाजाचा. समुद्रावरच्या त्या तरंगत्या नगरांची कल्पना येथे मनातून काढून टाकावी. नदीवरचे मोठे जहाज बहुधा सुमारे १३५ मीटर लांब आणि केवळ ११.४ मीटर रुंद. एखाद्या लांबलचक चाळीसारखे. याचे कारण जर्मनीतला माईन आणि डॅन्यूब यांना जोडणारा १७१ किलोमीटरांचा कालवा. तो १९९२ साली पुरा झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत जलमार्ग मोकळा झाला. त्या कालव्यावरील 'लॉक', म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले पाण्याचे हौद, १२ मीटर रुंदीचे आहेत. जहाजाने त्यातून जायचे तर अंग चोरूनच जायला हवे. अशा जहाजावर शंभर-दीडशे, फार तर दोनशेच्या आत प्रवासी असतात. साधी खोली पंधरा-सोळा चौरस मीटरांची. सर्वांत खालच्या मजल्यावरील खोल्यांना उंचावर आडवी लहान खिडकी, कारण पाण्याची रेघ तिच्या लगेच खाली असते. जेवणघर एक, बैठकीचा दिवाणखाना एक, पियानो वाजवणारा एक. मुलांसाठी काही नाही. सहप्रवासी बहुतांशी निवृत्त.

असे तीन पानी टिपण मी हिच्यापुढे ठेवले. तिने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचले, पाने नीट जुळवून परत दिली आणि विचारले, "एवढं सगळं लिहिलंत. पण सामान किती वेळा उघडायचं ते नाही लिहिलं."

"एकदाच," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी कपाटात लावायचं, आठव्या दिवशी भरायचं. मध्ये गावं बदलतात. खोली तीच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग जाऊ या."

तिन्ही आक्षेप निकाली निघाले.

आम्ही नौकेत पाय ठेवला तो पासाऊला. जर्मनीच्या सीमेवरचे हे गाव तीन नद्यांच्या संगमावर वसले आहे. डॅन्यूब, दक्षिणेकडून आल्प्सचे पाणी घेऊन येणारी इन, आणि उत्तरेकडून येणारी छोटी, काळसर इल्झ. जुन्या नगरगृहाच्या भिंतीवर आजवरच्या महापुरांच्या खुणा सालवार नोंदल्या आहेत. मी मान उंच करून त्या वाचत उभा राहिलो. ही म्हणाली, "चला, आधी खोली बघू."

खोलीत शिरल्यावर तिने जे केले ते मी आजन्म विसरणार नाही. तिने दोन्ही बॅगा पलंगावर ठेवल्या आणि शेवटच्या रुमालापर्यंत सारे काही बाहेर काढले. माझे सदरे टांगले, साड्या घडी करून फळीवर ठेवल्या, औषधांच्या डब्या, मेतकुटाची बरणी, सुईदोऱ्याची डबी, प्रत्येकीला तिची जागा दिली. मग मोकळ्या बॅगा पलंगाखाली सरकवल्या, हात झटकले आणि काठावर बसून ती खोलीकडे पाहू लागली. घरच्या पलंगाखाली भरलेली ट्रंक आणि येथे मोकळ्या बॅगा, ही तफावत माझ्या ध्यानात आली. पण तिचा अर्थ कळायला आणखी पाच दिवस जावे लागले.

मी मात्र सवयीप्रमाणे कार्यक्रमपत्रिका हाती घेऊन कामाला लागलो. मेल्कचा बेनेडिक्टाइन मठ, त्याचे ग्रंथालय, वाटाड्याच्या मागे कानात श्रवणयंत्र लावून दोन तास चालणे, मी एकही गोष्ट चुकवली नाही. युरोपातील या जुन्या गावांच्या रस्त्यांवर दगडी गोटे बसवलेले असतात. चित्रात ते फार रम्य दिसतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्यांत बोलतात. हिचे गुडघे मुळातच कुरकुरणारे. तिने मेल्कचा मठ पाहिला आणि जाहीर केले की यापुढे एक दिवसाआड पाहीन.

मेल्कपासून क्रेम्सपर्यंतच्या पस्तीसेक किलोमीटरांच्या खोऱ्यास वाखाऊ म्हणतात. २००० साली त्याची जागतिक वारशात गणना झाली. दोन्ही तीरांवर दगडांच्या बांधांवर चढत गेलेले द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, आणि ड्यूर्नश्टाइनचा तो भग्न किल्ला, जेथे इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. हे सारे वरच्या उघड्या डेकवर बसून दिसते. त्यासाठी काही करावे लागत नाही. माझी अडचण होती ती नेमकी हीच.

दोन खुर्च्या होत्या, समोर नदी होती, आणि करायला काही नव्हते. घरीही आम्ही तासन्‌तास गप्प असतो. पण तेव्हा माझ्या हाती वर्तमानपत्र असते, तिच्या हाती भाजी निवडायची असते, आणि घरात फोन असतो. येथे निव्वळ आम्हीच होतो. अर्ध्या तासात मी दोनदा उठलो. एकदा कॉफी आणायला, एकदा घड्याळ लावून घ्यायला. तिसऱ्यांदा उठू लागलो तेव्हा ती हसून म्हणाली, "बसवत नाही ना जागेवर?"

वेळ काढायला मी काठावरच्या पाट्या वाचू लागलो. डॅन्यूबवर किलोमीटरचे आकडे लावलेले असतात. आम्ही प्रवाहाबरोबर खाली चाललो होतो तरी आकडे कमी होत होते. पासाऊजवळ २२२६ होते, येथे दोन हजारांच्या आसपास आले, आणि व्हिएन्नाला १९२९ व्हायचे होते. चौकशी केली तेव्हा कळले की ही नदी उगमाकडून नव्हे, काळ्या समुद्रावरील मुखापासून मोजतात. किती आलो ते पाटी सांगत नाही, किती उरले ते सांगते. मी हे मोठ्या कौतुकाने हिला सांगितले. ती म्हणाली, "बरोबरच आहे. आपल्या वयाला असंच मोजायचं."

व्हिएन्नाला आणखी एक गोष्ट कळली, जी माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत. धक्क्यावर जागा थोडी आणि जहाजे फार, म्हणून ती एकाला एक लावून उभी करतात. सकाळी मी मोठ्या हौसेने खिडकीचा पडदा सारला, तो समोर डॅन्यूब नव्हती. हातभर अंतरावर दुसऱ्या जहाजाची खिडकी होती. तीत एक वृद्ध गोरे जोडपे चादरीची घडी करत होते. तो टोके जुळवीत होता, ती त्याला चुकते कोठे ते दाखवीत होती. आम्हां चौघांची दृष्टादृष्ट झाली. क्षणभर सारेच संकोचलो. मग त्या बाईंनी हात हलवला आणि हिने नमस्कार केला. धक्क्यावर उतरायला आम्हांला त्यांच्या जहाजाच्या ओटीवरूनच जावे लागले. व्हिएन्नाचे राजवाडे मी पाहिले. पण तिच्या ध्यानात राहिले ते चादरीची घडी घालणारे जोडपे.

जेवणाचे म्हणाल तर शाकाहारी आहोत हे आधी कळवले होते, त्यामुळे उपासमार झाली नाही. बटाटा, चीज आणि अळंबी यांची आलटून पालटून रूपे पुढे येत. पाचव्या दिवशी हिने वाढप्याकडून साधा मोकळा भात मागवला, त्यावर लोणी घातले आणि पर्समधून मेतकूट काढले. तो तरुण वाढपी रुमेनियाचा होता. त्याने वास घेऊन पाहिला आणि दुसऱ्या दिवशी न सांगता भात आणून ठेवला.

बुडापेस्टला जहाज संध्याकाळी पोहोचले. संसदभवनाच्या दिव्यांचे पाण्यात पडलेले प्रतिबिंब हे या प्रवासाचे ठरलेले शिखर आहे, आणि ते सांगतात तितकेच सुंदर आहे. पण दुसऱ्या दिवशी मी बुडाची टेकडी चढून आलो तेव्हा ही म्हणाली, "मी एक जागा पाहिली. तुम्ही या." संसदेपासून जवळच नदीच्या काठावर लोखंडी जोड्यांची रांग आहे. साठ जोडे. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात येथील फॅसिस्टांनी ज्यू माणसांना या काठावर उभे करून, जोडे काढायला लावून, गोळ्या घातल्या आणि प्रेते नदीत लोटली. त्यांचे हे स्मारक २००५ साली झाले. कोणी त्या जोड्यांत फुले ठेवली होती. आम्ही दोघे बराच वेळ काही न बोलता उभे राहिलो. वाखाऊत जे गप्प बसणे मला जड झाले होते ते येथे झाले नाही. परतताना मी तिचा हात धरला होता, हे जहाजाच्या जिन्यावर ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या वाटेवर, गाब्चिकोव्हो येथील लॉक लागले. पासाऊ ते बुडापेस्ट अशी अकरा लॉक आहेत, त्यांतले हे सर्वांत मोठे, वीसेक मीटरांच्या चढाचे. प्रवाहाविरुद्ध जाताना जहाज खालच्या हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, आणि पाणी भरू लागते. आम्ही खोलीत होतो. खिडकीबाहेर ओल्या काँक्रीटची भिंत आली आणि खोलीत अंधारून आले. मी दिवा लावायला उठलो, तो ती म्हणाली, "राहू द्या." आणि मग त्याच स्वरात, "पुण्याचं घर तुम्ही घेतलंत. चांगलं आहे. पण मला विचारलं नव्हतंत."

मी चपापलो. निवृत्तीनंतरसाठी दोन वर्षांपूर्वी मी पुण्यास एक सदनिका नोंदवली होती. "अगं, शेवटी आपण तिकडेच जाणार, हे ठरलेलंच होतं ना?"

"कुणी ठरवलं होतं?"

मला उत्तर सुचेना. एकतीस वर्षे मी गावोगावच्या मराठी मंडळींत सांगत आलो होतो की शेवटी आपला मुलूख तो आपला मुलूख. शिलाँगच्या पावसात, पाटण्याच्या उन्हात, सदाशिव पेठेतील वाड्याच्या आठवणीवर मी दिवस काढले. तो वाडा पडून तेथे इमारत झाली, आईवडील गेले, भाऊ मुलाकडे परदेशी गेला, तरी माझ्या मनातले पुणे जागचे हलले नव्हते. ते हिच्याही मनात तसेच असणार, असे मी धरून चाललो होतो.

ती भिंतीकडेच पाहत होती. "अकरा वेळा तुमच्या खात्यानं ठरवलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते तुमच्याही हातात नव्हतं. बाराव्यांदा मात्र तुम्ही ठरवलंत." मग थोडे थांबून, "पुण्याला आता कोण आहे आपलं? कोलकात्यात रविवारी माझी मराठी शिकणारी पोरं येतात. खालच्या मजल्यावरच्या दिदी आहेत. पुणं नकोच असं नाही म्हणत मी. पण ती ट्रंक शेवटची कुठे उघडायची, एवढं मला विचारा."

भिंत हळूहळू खाली सरकत होती. म्हणजे आम्ही वर चढत होतो. पण डोळ्यांना भिंतच खचल्यासारखी दिसे. मी इतकेच विचारले, "त्या ट्रंकेत आहे तरी काय?"

"माझ्या आईची समई आहे. माझी सतार शिकतानाची वही आहे. तुम्ही साखरपुड्यानंतर लिहिलेली पत्रं आहेत. घर झालं की काढायचं, म्हणून ठेवलंय."

तेवढ्यात काँक्रीटची कड खिडकीच्या खाली गेली आणि खोलीत एकदम ऊन आले. समोर सपाट पाणी, दूरवर झाडांची रांग. पुढचे दरवाजे उघडले. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला, वर चहा मिळतो का बघू."

चिटणिसांना मी हे सारे सांगितले नाही. सांगितले ते असे. पहिल्या खेपेस सात रात्रींचाच प्रवास घ्या, अधिक नको. मे किंवा सप्टेंबर निवडा, पण पाण्याची हमी कोणत्याच महिन्यात नाही, हे मनाशी धरून निघा. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून एक दिवस आधी पोहोचा. मधल्या मजल्याची खोली मिळाली तर घ्या. खिशाला परवडत नसेल तर खालची घ्या आणि दिवस डेकवर काढा. शाकाहाराचे आधी कळवा. वाटाड्यामागे रोज धावू नका. रात्री नाचगाणे हवे असेल, समुद्रावरची भव्यता हवी असेल, किंवा मुलाला घेऊन जायचे असेल, तर हा प्रवास तुमच्यासाठी नाही. तुमच्या वयाचे सोबती तेथे थोडेच भेटतील. रोज रात्री परक्या माणसांबरोबर एका टेबलावर जेवताना अवघडल्यासारखे होणार असेल, तरीही दोनदा विचार करा. आणि डोंगरांची ओढ असेल तर हेच पैसे आगगाडीला द्यावेत.

चिटणीस वहीत उतरवून घेत होते. त्यांच्या पत्नी शेजारी उभ्या होत्या. त्यांना काही विचारायचे आहे असे मला वाटले, म्हणून मी थांबलो. त्या म्हणाल्या, "काका, आठ दिवस दोघांनी करायचं काय पण तिथे?"

खरा प्रश्न हाच होता, आणि तो तीन पानी टिपणात मला सुचला नव्हता. संसारात आपण एकमेकांपासून लपतो ते कामांच्या आड. कचेरी, मुलांच्या परीक्षा, पाहुणे, बदल्या. लपण्याची ही ठिकाणे इतकी सवयीची होतात की आपण लपलो आहोत हेही ध्यानात राहत नाही. नदीवरची नौका ही सारी ठिकाणे काढून घेते. सामान एकदा लावून झाले की आठ दिवस उघडायचे, बांधायचे, शोधायचे असे काही उरत नाही. उरतात ती दोन माणसे आणि एक खिडकी. ज्यांना एकमेकांचे ऐकायचे आहे, आणि ऐकलेले पचवायचे बळ आहे, त्यांना हा प्रवास मानवेल. नवविवाहितांना तो बहुधा कंटाळवाणा वाटेल आणि थकलेल्यांना उशिराचा. दहा वर्षे झालेल्यांना कदाचित वेळेवरचा ठरेल. आम्ही तिशीत गेलो असतो तर अकरा बदल्या टळल्या नसत्या. पण बारावीविषयी विचारायचे मला आठवले असते.

"काही करायचं नाही," मी त्या बाईंना म्हणालो. "तेच जमेल का ते तुम्ही दोघं मिळून ठरवा. जहाज वाईट नाही."

त्यांनी एकमेकांकडे पाहिले. चिटणिसांनी वही मिटली.

संध्याकाळी आम्ही आता मधूनमधून बाबूघाटावर जाऊन बसतो. हुगळीला भरती-ओहोटी आहे. पाणी कधी समुद्राकडे जाते, कधी उलटे येते. हावड्याची होडी माणसे घेऊन जाते आणि घेऊन येते. मला अजून अर्ध्या तासाने उठावेसे वाटते, पण मी उठत नाही. काळी ट्रंक पलंगाखालीच आहे. पुण्याच्या सदनिकेचा ताबा केव्हा घेणार, असे विचारणारे पत्र टेबलावर पडून आहे. त्याचे उत्तर काय लिहायचे हे ठरलेले नाही. ते मी एकट्याने लिहायचे नाही, एवढे ठरले आहे.